चपटे नाक आणि आपली माया

नोकरीनिमित्त मुलूख सोडून राहणाऱ्या माणसाच्या घरी येणारे कुत्रे गावाकडच्या कुत्र्यासारखे आपणहून येत नाही. आळीतले किंवा शेतावरचे कुत्रे कोणी आणलेले नसते. एके दिवशी ते उंबऱ्याशी बसलेले दिसते, त्याला भाकरीचा तुकडा टाकला जातो, आणि पुढे कधीतरी घरच्यांच्या ध्यानात येते की, हे आता आपले झाले. बदलीच्या गावी असे घडत नाही. तिथे कुत्रे निवडावे लागते. तिसऱ्या मजल्यावरचे भाड्याचे घर, दिवसभर बाहेर असणारे नवरा-बायको, आजी-आजोबा सांगलीस नाही तर नागपुरास राहिलेले. अशा घरातले मूल कधीतरी कुत्र्याचा हट्ट धरते, आणि आई-वडिलांनाही मनातून ते हवेच असते.

निवडीचे हे काम आपण अधिकारी लोक निविदा तपासाव्यात तसे करतो. मोठे कुत्रे नको, कारण जागा नाही. फार भुंकणारे नको, कारण घरमालक. रोज दोन कोस धावावे लागणारे नको, कारण वेळ नाही. रागीट नको, कारण मूल लहान आहे. ह्या सगळ्या चाळण्यांतून खाली जे उरते ते बंगळूरमध्ये बहुतेक वेळा एकच असते: पग. सात-आठ किलो वजनाचे, आखूड केसांचे, शेपटीचे वेटोळे पाठीवर घेतलेले, काळ्या चपट्या तोंडाचे आणि वाटोळ्या पाणीदार डोळ्यांचे हे कुत्रे जयनगरपासून मल्लेश्वरमपर्यंत कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी दृष्टीस पडते. ते स्वभावाने गोड असते. माणसाच्या पायाशी बसण्याखेरीज त्याला दुसरी महत्त्वाकांक्षा नसते. त्याच्याविरुद्ध लिहिण्यास लेखणी उचलणे हे काहीसे निर्दयपणाचे वाटेल, ह्याची मला कल्पना आहे. परंतु माझा वाद त्या कुत्र्याशी नाही. एखाद्या जिवाचे जे वैगुण्य त्याला जन्मभर पुरते, नेमके तेच आपल्याला आवडत असेल, तर त्या आवडीला माया म्हणावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

पग आपल्याकडे इतक्या संख्येने आला तो २००३ नंतर. त्या वर्षी ‘हच’ ह्या दूरध्वनी कंपनीची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली. गोव्यातल्या वाटांवरून एक लहान मुलगा हिंडतो आणि तो जाईल तिथे एक पग त्याच्यामागून जातो, एवढाच तिचा विषय. ती चित्रित करणारी ‘निर्वाणा फिल्म्स’ ही संस्था आणि तिचे दिग्दर्शक प्रकाश वर्मा हे बंगळूरचेच. जाहिरात होती दूरध्वनीची, पण लोकांनी विकत घेतले कुत्रे. पुढे २००७ साली त्या कंपनीचे नावही बदलून ‘व्होडाफोन’ झाले. कुत्र्याची मागणी मात्र राहिली. आज बाजारात पगच्या पिल्लाला ग्राहक लोक त्या जुन्या कंपनीच्या नावानेच ओळखतात, ह्याहून जाहिरातीचे यश ते काय असावे! जाहिरातीच्या चित्रात तो मुलगा चालत राहतो आणि कुत्रे मागे पडत नाही. खरा पग एप्रिलच्या दुपारी तितके चालला तर त्याचे काय होईल, हे पडद्यावर दाखवण्याचे कारण नव्हते.

ह्या तोंडाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मूळ चीनचे हे कुत्रे सोळाव्या शतकापासून डच व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पसरले. इंग्लंडचा चित्रकार विल्यम होगार्थ ह्याने १७४५ साली स्वतःचे एक व्यक्तिचित्र रंगवले. लंडनच्या टेट चित्रसंग्रहालयात असलेल्या ह्या चित्रात त्याच्या शेजारी त्याचा लाडका पग बसलेला आहे. त्या पगला नाक आहे! आजच्या पगशेजारी तो ठेवला तर दोघे एका जातीचे आहेत हे पटवून द्यावे लागेल. पुढे १८६० साली इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा बादशाही ग्रीष्मप्रासाद लुटला, तेव्हा लुटीच्या मालात चपट्या तोंडाची पाच पेकिनीज कुत्रीही होती. त्यांपैकी एक व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यात आले आणि त्याचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’. आपल्याच भाषांतला ‘लूट’ हा शब्द इंग्रजीत जाऊन एका राणीच्या कुत्र्याचे नाव व्हावा, हा योग मोठा बोलका आहे. त्यानंतरच्या काळात कुत्र्यांची प्रदर्शने आणि जातिवंतपणाची मानके आली. ज्या पिल्लाचे तोंड अधिक चपटे त्याला बक्षीस, आणि ज्याला बक्षीस त्याचीच प्रजा, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. होगार्थच्या कुत्र्याचे नाक असे हळूहळू, सर्वांच्या संमतीने आणि कोणाचाही वाईट हेतू नसताना नाहीसे झाले.

हे तोंड आपल्याला आवडते ते का, ह्याचेही उत्तर सापडण्याजोगे आहे. कोन्राड लॉरेन्झ ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली असे दाखवून दिले की, मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि चिमुकले नाक ही तान्ह्या मुलाची लक्षणे जिथे दिसतील तिथे मनुष्याच्या ठायी संगोपनाची वृत्ती आपोआप जागी होते. मग ती लक्षणे मुलाच्या ठिकाणी असोत, बाहुलीच्या ठिकाणी असोत की एखाद्या जनावराच्या. पगचे तोंड हा त्या लक्षणांचा जणू संग्रहच. म्हणजे आपले वात्सल्य तिथे फसवून घेतले जाते, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. वात्सल्य जागे होण्यास काही निमित्त लागतेच, आणि यशोदेलाही ते रूपानेच जागे झाले. प्रश्न निमित्ताचा नाही. ते निमित्त आपण कोणाच्या देहातून कोरून काढले, हा आहे.

कारण ह्या कोरीवकामात कवटीचे हाड आखूड झाले, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. मऊ टाळू पूर्वीइतकीच लांब राहिली आणि तिला जागा न उरल्यामुळे ती श्वासमार्गाच्या तोंडाशी लोंबू लागली. नाकपुड्या चिरेइतक्या अरुंद झाल्या. डोळ्यांच्या खोबणी उथळ झाल्यामुळे डोळे बाहेर आले, आणि लहानशा ओरखड्यानेही त्यांत जखम होऊ लागली. तोंडावरच्या घड्यांत ओल साचून कातडी नासू लागली. ह्यांत श्वासाचे दुःख सर्वांत मोठे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाकातल्या आणि तोंडातल्या ओलाव्यावरून हवा फिरवून ते आपले अंग निववते. ज्याचे नाकच काढून घेतले आहे त्याने निवावे कसे? ते अधिक जोराने धापा टाकते, त्या श्रमाने अधिक तापते, आणि तापल्यामुळे घशाला सूज येऊन उरलेली वाटही चोंदते. पाण्याच्या भांड्याशेजारी उभे असूनही उष्माघाताने मरणारे कुत्रे ते हेच.

आणि आपण ह्या दुःखाचे काय करतो? आपण हसतो. ‘आमचा मोती माणसासारखा घोरतो’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा पगवाल्यांचा परिचित विरळा. ते घोरणे म्हणजे अरुंद वाटेतून हवा ओढण्याची धडपड असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातील अभ्यासकांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या कुत्र्यांमध्ये श्वास कोंडण्याची लक्षणे वारंवार दिसत होती, त्यांच्या मालकांपैकी शेकडा ५८ जणांनी आपल्या कुत्र्याला श्वसनाचा काही त्रास नाही, असे सांगितले. ही माणसे खोटे बोलत नव्हती, निष्काळजीही नव्हती. ‘ह्या जातीचे असेच असते’ ह्या एका वाक्याने त्यांचे कान बंद झाले होते. मला ह्या पाहणीतली ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. क्रौर्य ओळखता येते आणि त्याचा निषेधही करता येतो. पण जिथे प्रेम करणाऱ्याचेच कान प्रेमाने बंद होतात, तिथे निषेध कोणाचा करायचा?

ह्यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो टाकाऊ नाही. हे कुत्रे असे आहे म्हणूनच ते आहे. तसे नसते तर ते जन्मलेच नसते. आणि मुळीच नसण्यापेक्षा थोडे धापा टाकत का होईना, माणसांच्या मायेत दहा-बारा वर्षे काढणे बरे नव्हे काय? ह्या युक्तिवादाचे बळ जन्मलेल्या कुत्र्यापुरते आहे. त्याच्या बाबतीत तो खराच आहे, आणि म्हणूनच त्याची हेळसांड करण्याचा कोणाला अधिकार नाही. परंतु दुकानात उभे राहून आपण जे पैसे मोजतो, ते पुढच्या पिल्लाला जन्माला घालण्याची वर्दी असते. जे पिल्लू अजून नाही, त्याची न जन्मण्याबद्दल कोणाकडेही तक्रार असू शकत नाही. जन्मल्यावर मात्र असू शकते. शिवाय निवड ‘असा पग किंवा पगच नाही’ अशी दुहेरी नाहीच. होगार्थचे चित्र त्याला साक्षी आहे. हॉलंडच्या सरकारने २०१९ मध्ये पैदाशीसाठी निकष घालून दिले, त्यांत नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या निदान एकतृतीयांश असावी अशी अपेक्षा आहे. ज्या देशाने हे कुत्रे युरोपभर नेले, त्याच देशाने त्याचे नाक परत मागावे, हे मला उचित वाटते.

दुसरा युक्तिवाद व्यवहारी माणसाचा: मी नाही घेतले तर दुसरा घेईल. ह्याला उत्तर चीनच्याच इतिहासात आहे. मुलींचे पाय लहानपणी करकचून बांधून ते इवलेसे ठेवण्याची चाल तिथे शतकानुशतके होती. बांधणारे हात बहुधा आईचेच असत. तिचे मुलीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? लहान पायांवाचून मुलीचे लग्न होणार नाही, म्हणून ती बांधत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या चालीविरुद्ध मंडळ्या निघाल्या. त्यांच्या सभासदांना दुहेरी शपथ घ्यावी लागे: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाला बांधलेल्या पायांची बायको करणार नाही. शपथेचा दुसरा भाग नसता तर पहिला टिकला नसता. मागणारा थांबला तेव्हाच बांधणारीचा हात थांबला. माणसाच्या मुलीची आणि कुत्र्याच्या पिल्लाची मी बरोबरी करीत नाही. दोन्हींकडे सौंदर्याची कल्पना एकाची, आणि चालणे किंवा श्वास घेणे दुसऱ्याचे, एवढेच साम्य मला दाखवायचे आहे.

कायदा इथे कितपत उपयोगी पडेल हे आपणा लोकांना वेगळे सांगायला नको. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीविषयी आणि विक्रीविषयी नियम झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीची वीण घेऊ नये, असे ते नियम आहेत. नियम चांगले आहेत. नाक किती लांब असावे ह्याचे माप त्यांत नाही, आणि असते तरी रविवारच्या बाजारात टोपलीतून पिल्लू विकणाऱ्यापर्यंत ते पोहोचले असते की नाही, ह्याची शंकाच आहे. पिल्लाची आई पाहायला मिळावी एवढी एकच मागणी ग्राहकाने धरून ठेवली तरी पुष्कळ व्यवहार जागच्या जागी मोडतील. ती आई तीन मिनिटे दुडक्या चालीने धावली तर तिच्या घशातून कसला आवाज येतो, हे ऐकावे. केंब्रिज विद्यापीठातील पशुवैद्यांनी बसवलेली श्वासाची परीक्षा साधारण अशीच आहे. तिला लागतात ते कान आणि एक श्रवणनळी.

ज्यांना हेच कुत्रे हवे आहे त्यांना बंगळूरमध्ये दुसरी वाट मोकळी आहे. हौस फिटल्यावर, आजारपण निघाल्यावर किंवा घर बदलताना सोडून दिलेली जातिवंत कुत्री ह्या शहरात थोडी नाहीत. ‘कम्पॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन’ ही १९९१ साली इथे स्थापन झालेली संस्था अशा कुत्र्यांना पुन्हा घरे मिळवून देते. तिथून आणलेल्या पगसाठी कोणी नवे पिल्लू जन्माला घालत नाही. मायेची हौसही पुरते आणि वर्दीही जात नाही. फक्त पिल्लू मिळण्याऐवजी चार-पाच वर्षांचे, एखादा डोळा पांढरा झालेले, आधीच्या धन्याची वाट पाहणारे कुत्रे मिळते, आणि ते पत्करण्यास निराळे मन लागते.

आता जे कुत्रे घरात आलेच आहे त्याच्या संगोपनाविषयी. इथे आपल्या संतचरित्रातली एक कथा आठवल्याशिवाय राहत नाही. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस, म्हणून. भूतमात्रात देव पाहण्याची ही पराकाष्ठा. पण पगच्या बाबतीत भक्तीची रीत उलटी आहे. तिथे तुपाची वाटी मागे घ्यावी लागते. चरबीचा प्रत्येक थर त्या चिंचोळ्या वाटेला आणखी चिंचोळी करतो. समोर बसून ते वाटोळ्या डोळ्यांनी पोळीकडे पाहत असते, पाहुणे ‘द्या हो बिचाऱ्याला’ म्हणत असतात, आणि घरच्या माणसाला कठोर व्हावे लागते. गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा साज हवा. फिरवणे उजाडताच किंवा दिवे लागल्यावर. तोंडाच्या घड्या रोज पुसून कोरड्या करायच्या, डोळ्यांवर नजर ठेवायची. जीभ जांभळट दिसू लागली, किंवा झोपेत दचकून वारंवार उठू लागले, तर पशुवैद्याकडे न्यायचे. नाकपुड्या रुंद करण्याची आणि लोंबणारी टाळू छाटण्याची शस्त्रक्रिया आता होते. ती लहान वयात झाली तर कुत्र्याला पुष्कळ आराम पडतो. खर्च होतो खरा. पिल्लाच्या किमतीवर जे घासाघीस करतात त्यांनी तो आधीच हिशेबात धरलेला बरा.

बंगळूरची हवा मात्र ह्या सगळ्यात एक फसगत करते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचे हे गाव. वर्षाचे आठ-नऊ महिने इथे पगला फारसे काही होत नाही, आणि मालकाला वाटते की हे कुत्रे आपल्या देशाला मानवले. इथेही २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता, हे आपण विसरतो. पण त्याहून मोठी गोष्ट आपल्या वर्गाने विसरू नये अशी आहे. आपण इथे बदलीवर आहो. तीन-चार वर्षांची एक नेमणूक धरली, तर कुत्र्याच्या एका आयुष्यात निदान तीन गावे येतात, आणि बदलीचे हुकूम निघतात नेमके एप्रिल-मेच्या सुमारास. हुकूम नागपूरचा निघाला तर तिथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात. पुष्कळ विमान कंपन्या चपट्या तोंडाची कुत्री सामानाच्या कप्प्यातून न्यायला नकार देतात. त्यांचा नकार अनुभवाने शिकवलेला आहे. रेल्वेत पहिल्या वर्गाचा सबंध कूपे राखून ठेवला तर कुत्रे जवळ ठेवता येते. नाही तर गार्डाच्या डब्यातली लोखंडी पेटी. मे महिन्यात त्या पेटीत पगला घालणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. मग कुत्रे ‘ओळखीच्यांकडे’ ठेवले जाते. हे ओळखीचे कधी गाडीचा चालक असतात, कधी वसाहतीचा पहारेकरी. त्याच्या दहा-बाय-दहाच्या पत्र्याच्या खोलीत ते कुत्रे पहिला उन्हाळा काढील की नाही, हे विचारायला आपण थांबत नाही. आपला ट्रक निघून गेलेला असतो.

महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि युधिष्ठिराला म्हणाला, ह्या कुत्र्याला सोड आणि ये. ती एक प्रकारची बदलीच होती, आणि तीही बढतीवरची. युधिष्ठिराने ती नाकारली. आश्रयाला आलेल्या भक्ताचा त्याग त्याला महापातकासमान वाटला. ह्या कथेत ते कुत्रे म्हणजे साक्षात् धर्म निघाले, हे सर्वांना आठवते. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. युधिष्ठिराने ते कुत्रे आणले नव्हते. हस्तिनापुरापासून ते आपण होऊन मागे आले होते. जे न बोलावता आले त्याच्याविषयी त्याला एवढे बंधन वाटले. मग आपण जे तोंड पाहून, किंमत ठरवून, पैसे मोजून घरी आणले, त्याच्याविषयी आपले बंधन कमी कसे ठरेल?

कोणी विचारील की, मग बंगळूरच्या मराठी माणसाने कुत्रे पाळायचे तरी कोणते? ह्याच राज्यात मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी एका लांब तोंडाच्या, सडपातळ शिकारी जातीची निगा राखली. तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट गेली, आणि २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. मराठी घराण्याच्या ह्या कुत्र्याचा मला अभिमान आहे. तरी तिसऱ्या मजल्यावर मुधोळ हाउंड कोंडण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याला माळरान हवे. रस्त्यावरचे पिल्लू आणावे, असे मी म्हणतो, तेव्हा लोक माझ्याकडे काहीशा दयेने पाहतात. त्या पिल्लाला नाक असते, ते बंगळूरही सोसते आणि नागपूरही, आणि त्याची आई कोण हे पाहायला गल्लीच्या टोकापर्यंतच जावे लागते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी इथे निवृत्त झाले. अमरावतीला त्यांनी आधीच घर बांधून ठेवले होते. वास्तुशांतही झाली होती. त्यांच्या मुलीच्या हट्टाने आलेला पग तेव्हा सात वर्षांचा होता. मुलगी आता परदेशी आहे. पशुवैद्याने त्यांना स्पष्ट सांगितले की, विदर्भाचा उन्हाळा ह्या कुत्र्याला निभायचा नाही. ते अजून बंगळूरमध्येच भाडे भरून राहतात आणि दिवाळीनंतर महिनाभर अमरावतीला जाऊन घर झाडून येतात. त्यांचे नातलग ह्यावर हसतात. गेल्या महिन्यात मी त्यांना पुढच्या उन्हाळ्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ह्याचा श्वास आहे तोवर इथेच.’ कुत्रे त्यांच्या खुर्चीखाली झोपले होते आणि घोरत होते; ते मधूनमधून बोलणे थांबवून त्या आवाजाकडे कान देत होते.